फॉरमॅट मारण्यापूर्वी : एका घरगुती संगणकाच्या पुनर्स्थापनेचे प्रकरण

साताऱ्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचा असेंबल्ड डेस्कटॉप संगणक नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्याकडे तपासणीसाठी आला. त्यापूर्वी घराजवळच्या एका दुकानदाराने तो पाहिला होता आणि 'विंडोज करप्ट झाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल. फक्त सी ड्राइव्ह जाईल, डी ला हात लावणार नाही' असे सांगितले होते. सरांची त्याला हरकत नव्हती. त्यांचे सगळे लेखन डी ड्राइव्हमध्ये होते आणि डी ड्राइव्ह सुरक्षित राहणार म्हटल्यावर त्यांना काळजीचे कारण दिसत नव्हते. सूनबाईंनी मात्र 'बाबा, आधी आणखी कोणाला तरी दाखवू' असा आग्रह धरला आणि त्यामुळे पुढचा सगळा प्रसंग निराळा घडला.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, घरगुती संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणे हे आज तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड राहिलेले नाही. पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावरच्या सूचना पाळल्या की तासाभरात नवी विंडोज उभी राहते. अवघड आहे ते त्याआधीचे काम. यंत्र नेमके कशामुळे बिघडले आहे आणि त्यातील कागदपत्रे प्रत्यक्षात कुठे व कोणत्या स्वरूपात आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय फॉरमॅटचा निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

यंत्र आणि तक्रार

संगणक २०१४ मध्ये जुळवलेला होता. इंटेलचा चौथ्या पिढीतील आय-३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्डडिस्क, असा त्या काळातील मध्यमवर्गीय घरात सर्रास दिसणारा संच. मुळात त्यावर विंडोज ७ प्रोफेशनलची ३२ बिट आवृत्ती होती, तीही रीतसर विकत घेतलेली. जुलै २०१५ ते जुलै २०१६ या वर्षात मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वर विनामूल्य श्रेणीवाढ देऊ केली, तेव्हा ती घेतली गेली आणि त्यानंतर यंत्राला कोणी हात लावला नव्हता.

तक्रारी तीन होत्या. सुरू व्हायला फार वेळ लागतो; मध्येच सगळे गोठते आणि काही मिनिटांनी आपोआप पुढे सरकते; आणि अनेक संकेतस्थळे उघडताना 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना येते. तिसऱ्या तक्रारीवरून घरात व्हायरसची शंका होती.

तिसरी तक्रार सर्वांत आधी सुटली. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ ही बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की प्लग काढल्यावर तारीख मागे जाते, आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे विशिष्ट मुदतीपुरतीच वैध असल्यामुळे ब्राउझरला ती सगळी चुकीची वाटू लागतात. व्हायरसचा येथे काही संबंध नव्हता. किरकोळ किमतीची बॅटरी बदलली आणि सूचना थांबल्या. हीच चुकीची तारीख तशीच ठेवून नवी विंडोज टाकली असती, तर तिचे अपडेट आणि सक्रियीकरण (परवाना मान्य होणे) दोन्ही अडण्याची शक्यता होती, आणि मग दोष नव्या विंडोजच्या माथी आला असता.

गोठण्याचे कारण शोधण्यासाठी, यंत्राचा कोणता भाग किती व्यग्र आहे हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. डिस्कचा वापर १०० टक्के दिसत होता, परंतु प्रत्यक्ष वाचन सेकंदाला काही शे केबी इतकेच होते आणि सरासरी प्रतिसादकाळ हजारो मिलिसेकंदांत गेलेला होता. ही विसंगती महत्त्वाची आहे. विंडोज नुसती जड झाली असेल, तर डिस्क भरपूर वाचन-लेखन करत असल्याचे दिसते. डिस्कच आजारी असेल, तर ती पूर्ण वेळ व्यग्र असते आणि तरीही हाती जवळजवळ काही येत नाही. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य साधनाने डिस्कची स्वतःची 'स्मार्ट' नोंदवही (डिस्क आपल्या प्रकृतीच्या नोंदी जिच्यात ठेवते ती) वाचली. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी प्रलंबित ठेवलेल्या भागांची संख्या निरोगी डिस्कवर शून्य असते. येथे ती शून्य नव्हती, आणि दुपारच्या वाचनात सकाळपेक्षा वाढलेली होती. (हे साधन मूळ आकडे सोळा-आधारी पद्धतीने दाखवते, त्यामुळे तेथे १० दिसले तर ते सोळा समजावे, सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडता येते.)

म्हणजे विंडोज बिघडली होती हे खरे, पण तिच्याखालची जमीन खचत असल्यामुळे ती बिघडली होती. अशा डिस्कवर नवी विंडोज टाकणे म्हणजे मरणासन्न डिस्कवर अनेक जीबींचे लेखन लादणे. नवी विंडोजही थोड्याच काळात अशीच रखडली असती, आणि त्या ताणाखाली डिस्कने प्राण सोडला असता तर सी बरोबर डी ही गेला असता.

डी ड्राइव्हचा भरवसा

आपल्याकडे संगणक जुळवून देताना एकाच हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. सी मध्ये विंडोज, डी मध्ये आपली कागदपत्रे, आणि विंडोज बिघडली की फक्त सी फॉरमॅट करायचा. या पद्धतीमागे निश्चितच विचार आहे आणि तिने अनेकांच्या फायली वाचवल्याही आहेत. परंतु तिच्यातून 'डी म्हणजे बॅकअप' असा जो समज घरोघरी रुजला आहे, तो घातक आहे. सी आणि डी ही एकाच तबकडीवर आखलेल्या रेषेने वेगळी केलेली दोन क्षेत्रे आहेत. तबकडी गेली की रेषेला अर्थ राहत नाही.

सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी अगदी शिक्षकी सवयीने विचारले, 'म्हणजे दोन वह्या नाहीत, एकाच वहीची दोन पाने आहेत?' नेमके तसेच आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. संगणक सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीने बसवलेल्या विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या आराखड्यावर (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याच्या नोंदीवर) असते. यूईएफआय या नंतरच्या पद्धतीने नवी विंडोज बसवायची, तर जीपीटी हा नवा आराखडा लागतो. स्थापनेच्या वेळी 'या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही' अशी सूचना आली, की घाईत असलेला माणूस सगळे भाग हटवतो किंवा डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क आखण्याच्या साधनात 'क्लीन' ही आज्ञा देतो आणि पुढे जातो. ती आज्ञा सी आणि डी असा भेद करत नाही. संपूर्ण डिस्कचा आराखडाच पुसते. डी ला हात न लावण्याचे आश्वासन अनेकदा या टप्प्यावर, कोणाचीही वाईट इच्छा नसताना, मोडते.

आणि तिसरी गोष्ट अशी की, सगळे काही डी मध्ये आहे हा समजही क्वचितच खरा असतो. येथे सरांचे बरेच लेखन डी मध्ये होते, परंतु चालू काम डेस्कटॉपवर होते, आणि डेस्कटॉप हा सी चाच भाग आहे. सूनबाईंनी मोबाइलमधून उतरवलेली छायाचित्रे 'पिक्चर्स'मध्ये होती, तोही सी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क सी मध्ये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या फॉन्टशिवाय सरांचे लेखन वाचताच आले नसते, ते फॉन्टही सी मध्ये होते.

लेखन वाचवणे

खराब डिस्कवर 'चेकडिस्क' हे विंडोजचे तपासणी-दुरुस्तीचे साधन चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या प्रकरणी तो मी पाळला नाही आणि अशा स्थितीत कोणी पाळू नये असे मला वाटते. ते साधन फाइल सिस्टीम (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदव्यवस्था) सुसंगत करण्यासाठी आहे, तुमची कागदपत्रे वाचवण्यासाठी नाही. सुसंगतीसाठी ते तुटक फायली छाटूही शकते, आणि हे सारे ते मरत्या डिस्कवरच लिहिते. एक्सप्लोररमधून फोल्डर उचलून कॉपी करणेही योग्य नव्हते, कारण एका न वाचता येणाऱ्या फाइलवर विंडोज पुन्हा पुन्हा डोके आपटत राहते आणि तेवढा वेळ डिस्क झिजत असते.

म्हणून हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तो संगणक पेनड्राइव्हवरील लिनक्स या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीमने सुरू केला आणि डीडीरेस्क्यू या साधनाने १ टीबीच्या बाह्य डिस्कवर संपूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, घेतली. या साधनाची रीत शहाणपणाची आहे. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते ते सगळे ते उचलते आणि अडलेला भाग तसाच सोडून पुढे जाते. मग उरलेल्या भागांकडे परत येते, त्यांच्या कडा कुरतडत जाते आणि शेवटी सांगितले असेल तितक्या वेळा पुन्हा प्रयत्न करते. कुठले भाग मिळाले आणि कुठले नाहीत, याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. साताऱ्यातल्या पावसाळी संध्याकाळी या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

डिस्कचा अगदी थोडा भाग अखेरपर्यंत मिळाला नाही. तो कोणत्या फायलींमध्ये होता हे जाणून घेणे आवश्यक होते, कारण फाइल उघडते म्हणून ती शाबूत आहे असे होत नाही. त्यासाठी प्रतिमेच्या एका प्रतीत, न मिळालेल्या जागी डीडीरेस्क्यूकडूनच ओळखू येईल असा खुणेचा मजकूर भरून घेतला आणि मग ती खूण कोणत्या फायलींमध्ये सापडते याचा शोध घेतला. बहुतेक खुणा विंडोजच्या स्वतःच्या फायलींत निघाल्या, ज्यांची आता गरज नव्हती. काही छायाचित्रे आणि सरांची एक जुनी फाइल मात्र त्यांत होती. ती यादी लिहून घरच्यांच्या हाती दिली. काय गेले हे नेमके माहीत असणे हा मालकाचा हक्क आहे. 'सगळा डाटा काढला' या मोघम वाक्यावर कोणी समाधान मानू नये.

कोणती सिस्टीम टाकायची

नवी २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घ्यायची आणि रॅम ८ जीबी करायची, इतके लगेच ठरले. खरा प्रश्न पुढचा होता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नेहमीची अपडेट व दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या यंत्रात दोन्ही नव्हते. अटींना वळसा घालून विंडोज ११ बसवण्याचे मार्ग आहेत आणि ते चालतातही, परंतु अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे आणि प्राप्तिकराचे काम होते, तेथे मी हा मार्ग सुचवत नाही.

लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंटकडे माझा पहिला कल होता. त्याची २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, ८ जीबी रॅमवर ती सुखाने चालते, आणि तिच्यावर मराठी लिहिण्यासाठी जो एम१७एन हा कळफलकांचा संच वापरता येतो त्यात इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाखेरीज टंकलेखन यंत्रासारखी रेमिंग्टन रचनाही आहे. सर टंकलेखन यंत्रावर शिकलेले असल्याने हे शेवटचे फार मोलाचे होते. पण दोन अडचणी होत्या. घरातील जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर खटपटीशिवाय चालणारा नव्हता. आणि सरांच्या जुन्या फॉन्टमधील लेखनाचे युनिकोडमध्ये (विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नसलेल्या अक्षर-संकेतात) रूपांतर करून, ते वर्डमधील मूळ मजकुराशी ताडून पाहण्याचे काम विंडोजवरच सोयीने होणार होते.

म्हणून निर्णय मुदतीचा घेतला. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती एसएसडीवर कोरी टाकायची, तिला विस्तारित सुरक्षा अपडेटच्या योजनेत नोंदवायचे, आणि ती योजना १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपेपर्यंत रूपांतर पूर्ण करून मिंटवर जायचे. या योजनेत फक्त सुरक्षेची अपडेट मिळतात, नव्या सुविधा मिळत नाहीत. नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडल्यास पैसे पडत नाहीत. सरांना खाते काढायचे नव्हते, ते सूनबाईंनी काढून दिले आणि त्याचा पासवर्ड घरच्या डायरीत शाईने लिहून ठेवला.

स्थापना

येथे सांगण्यासारखे थोडेच आहे, पण जे आहे ते चुकले तर त्रास होतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह तयार करताना तो किमान ८ जीबीचा हवा आणि त्यावरचे सगळे पुसले जाते. सुरू होण्याच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. त्यातील 'यूईएफआय' लिहिलेली नोंद निवडली, म्हणजे डिस्क जीपीटी पद्धतीने आखली जाते. यंत्रात त्या वेळी फक्त नवी एसएसडी जोडलेली होती. दुसरी डिस्क जोडलेली ठेवली तर चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका असतोच, शिवाय विंडोज आपला आरंभाचा छोटा भाग त्या दुसऱ्या डिस्कवर ठेवू शकते आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही.

प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) विचारली तेव्हा 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय घेतला. विनामूल्य श्रेणीवाढीचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. मात्र आवृत्ती तीच निवडावी लागते. विंडोज ७ प्रोफेशनलवरून आलेले यंत्र विंडोज १० प्रो ठरते. तेथे होम निवडले असते, तर सक्रियीकरण झाले नसते आणि मग नव्या कीचा खर्च विनाकारण पडला असता. ३२ बिट ऐवजी ६४ बिट निवडले, कारण ३२ बिट विंडोज १० ला ८ जीबीतील निम्मीही रॅम पुरती वापरता आली नसती. इंटरनेट जोडताच परवाना आपोआप मान्य झाला.

६४ बिटची एक किंमत होती. सरांच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या सीडीवरील स्थापनेचा प्रोग्रॅम १६ बिट काळातला होता, आणि ६४ बिट विंडोज तसे प्रोग्रॅम चालवतच नाही.

अक्षरे

मराठीतील जुन्या कागदपत्रांची खरी गोम येथे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवत असत. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीतील लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच ही पाच अक्षरे साठवली जातात. फॉन्ट असेपर्यंत 'मराठी' दिसते, फॉन्ट गेला की ती पाच निरर्थक अक्षरे उरतात. श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जुन्या फॉन्टची मांडणी आणखी वेगवेगळी. सी ड्राइव्ह सरळ पुसला गेला असता, तर डी मधील प्रत्येक फाइल शाबूत राहूनही उघडल्यावर रोमन अक्षरांचा चिखल दिसला असता, आणि सरांना वाटले असते की लेखनच नष्ट झाले.

प्रतिमेतील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून सरांच्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट उचलून नव्या विंडोजमध्ये बसवले. जुने सॉफ्टवेअर नसले तरी लेखन वर्डच्या फायलींत असल्यामुळे वाचण्यासाठी फॉन्ट पुरेसे होते. साताऱ्याच्या परिसरातील जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह पडद्यावर उघडला तेव्हा सरांनी चष्मा पुसून दोन ओव्या मोठ्याने वाचल्या, आणि तिसरीतील एक शब्द चुकला आहे तो दुरुस्त करू का, असे विचारले.

नंतर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली. त्याबरोबर मंगल, कोकिळा, अपराजिता हे पूरक देवनागरी फॉन्टही येतात. कोऱ्या विंडोज १० मध्ये ते आधीपासून नसतात, त्यामुळे मंगलमध्ये लिहिलेली युनिकोड कागदपत्रे सुरुवातीला दुसऱ्याच वळणात दिसतात आणि पानांची मोडणी हलते. २०१९ च्या १९०३ या आवृत्तीपासून मिळणारा मराठी फोनेटिक कळफलक सूनबाईंसाठी ठेवला. सरांसाठी युनिकोड देणारा रेमिंग्टन कळफलक वेगळा बसवला.

रूपांतराचे काम अजून चालू आहे आणि ते घाईने करण्यासारखे नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी टंकलेखन यंत्राप्रमाणे व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो; युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे, त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक ठिकाणी अक्षरांची अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर लांबले की तो चुकतो. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या' यांतील अर्धा र बहुतेक वेळा रफार होऊन बसतो. मजकुरात मध्येच आलेली इंग्रजी नावेही देवनागरी गोंधळात बदलतात, कारण साध्या मजकुरात कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहिती उरत नाही. म्हणून मूळ फाइल कधीही ओव्हरराइट न करता रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने ठेवायची, मूळ फाइलची एक पीडीएफ काढायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, अशी शिस्त घातली आहे. ओव्यांचा संग्रह सर स्वतः तपासत आहेत. घराण्याची वंशावळ सूनबाईंकडे आहे.

खराब झालेल्या एका फाइलची छापील प्रत शाळेतील जुन्या सहकाऱ्याकडे सापडली असून ती पुन्हा टंकली जात आहे. जुन्या हार्डडिस्कवर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून ती कपाटात ठेवली आहे. मूळ प्रतिमा असलेली बाह्य डिस्कही एरवी जोडलेली नसते, आणि तयार झालेल्या युनिकोड फायलींची दुसरी प्रत दर रविवारी वेगळ्या पेनड्राइव्हवर सूनबाई घेतात.